दाबोळी ते मोपा

तिकीट भाच्यानं काढलेलं. स्वस्तातलं.
कोची ते गोवा, मग गोवा ते नागपूर,
मध्ये सात तास दहा मिनिटं.
'मामा, समुद्र बघून घ्या.'
दाबोळीला उतरल्यावर कळलं
की विमानांच्या हिशेबात गोवे दोन आहेत,
उतरायचा एक, उडायचा दुसरा,
आणि मध्ये अख्खा गोवा.

टॅक्सीच्या खिडकीवर पावती मिळाली
आणि पावतीसोबत सगुण हळर्णकर.
'मोपाला? म्हणजे घराकडेच चाललो मी.'
माझी बॅग डिकीत ठेवताना तो थबकला,
आत काहीतरी किणकिणलं.
'भांडी?'
'सूर,' म्हटलं. 'पेटीचे. पितळी. पेट्या दुरुस्त करतो मी.'
चिखलीचा उतार संपेस्तोवर
तो काही बोलला नाही.

जुवारीचा पूल आला. त्याच्या तिरक्या तारा बघून
माझी बोटं उगाच वळवळली.
आगशी गेली, बांबोळी गेली.
मांडवीत कॅसिनोच्या बोटी
भर उन्हात उभ्या,
पहाटे खेळ संपल्यावर
अर्धा रंग पुसलेल्या दशावतारी राजासारख्या.

पर्वरीच्या कोंडीत त्यानं आरशातून विचारलं,
'पट्टी दाबली नाही तरी
एक सूर आपला वाजतच राहतो,
त्याला काय म्हणायचं?'
'कचरा,' मी म्हणालो. 'दहातल्या नऊ वेळा कचरा.'
'बाबा म्हणतात, आई.'

मी घड्याळ पाहिलं.
समुद्र अजून पाहिला नव्हता.
चार तास उरले होते.

धारगळला रस्ता सोडून खाली, फणसाखाली घर.
म्हातारे पुतू हळर्णकर ओसरीवर पेटी घेऊन बसलेले,
जणू मी ठरल्या वेळेला आलो होतो.
भाता हलवला. हात पट्टीवर नाही,
तरी तो सूर आला,
किंचित घोगरा, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा.
बावीस वर्षं भजनाला
हे त्या सुराला धरूनच गात आलेले,
त्याला टाळता येत नाही म्हणून.

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं.
मी पेचकस थांबवला. त्यांनी मान वर केली नाही.
'दुपारचं हे काळी दोनात जातं,' म्हणाले.
'रात्रीचं बेसूर असतं.
वर सड्यावर आमची गुरं चरायची
तेव्हा फक्त घंटा होत्या, त्याही एका पट्टीत नव्हत्या.'

पेटी उघडली.
झुरळाची अंडी, उदबत्तीची राख,
एक जुना दहा पैशांचा,
आणि त्या पट्टीच्या झडपेखाली
तांदळाचा एक दाणा. कुंकवाचा. अक्षत.
कुठल्या चवथीची, कुणाच्या लग्नाची,
कुणी कुणाच्या डोक्यावर टाकताना
नेम चुकून आत गेलेली.

दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला.
कानशीनं दोन सूर घासले,
एक टोकाशी, एक मुळाशी,
चामडं साफ केलं, फळी बसवली.
'आता हलवा.'
त्यांनी भाता हलवला.
काही नाही. नुसता वारा.
पुन्हा हलवला. पुन्हा.
'गप्प बसली,' म्हणाले,
आणि मला कळेना
मी काम चांगलं केलं की काय केलं.
सगुण चहा आणायला आत गेला
तो बराच वेळ आला नाही.

पैसे मी घेतले. निम्मे.
फुकट केलेलं काम टिकत नाही,
असं माझे वस्ताद म्हणत, आणि ते वस्तादही पैसे घेत.
वर काजूची पिशवी, दीड किलो, नको म्हटलं तरी.
मोपाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, वजन जास्त आहे.
कानस दिसली, सूर दिसले,
बॅग दोनदा उघडली. 'हे काय आहे, सर?'
एक सूर ओठाला लावून फुंकून दाखवला.
मागच्या रांगेतलं पोर हसलं.

समुद्र शेवटी खिडकीतून दिसला,
डाव्या पंखाखाली, एक बोटभर.
मी मात्र डोळे मिटून इंजिनाला कान लावलेला.
काळी दोनच. म्हातारा बरोबर होता.
पण केसभर चढी.
उतरवायला हवी, मनात म्हटलं,
आणि शेजारच्या बाईंनी पट्टा घट्ट केला.
बहुतेक मी ते मोठ्यानं म्हटलं होतं.